पूर्ण बाह्या

विचारणाऱ्याला काय, देवाने तोंड दिलंय, तो विचारणारच. पण विचारलं म्हणून लगेच सांगायचं? काही प्रश्नांचं उत्तर म्हणजे पाठ फिरवणं असतं, एवढंही या सुनेला कुणी शिकवलं नव्हतं? कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळी गल्ली नुसतं 'बाई' म्हणायची, त्या गेले आठ महिने हेच गाणं लावून बसल्या होत्या. मुलापुढेही लावून झालं. पण मुलगा बस चालवायचा. मागून चाललेली कटकट कानाआड करून समोर बघायची त्याला सवयच होती.

सुनेच्या अंगावर पांढरे डाग होते. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत, मानेवर एक मोठा, आणि डावी भुवई अर्धी पांढरी. लग्नाआधी बाईंनी ते नीट पाहून घेतलं होतं. मुलाला मुलगी आवडली होती आणि बाईंना तिची टीप आवडली होती, सरळ आणि बारीक. तेव्हा तक्रार डागांची नव्हती. तक्रार ही होती की बाईंनी स्वतः मशीनवर बसून तिला तीन ब्लाउज शिवून दिले, पूर्ण बाह्यांचे, बंद गळ्याचे, चांगल्यातल्या चांगल्या कापडाचे. पोरीने ते घातले, नाही कशाला म्हणा. पण इस्त्री हातात घेतली की बाह्या गेल्याच कोपराच्या वर. आणि मग दुकानात येणारा प्रत्येक जण बघणार, आणि ही सांगणार.

सगळ्यांवर कडी केली ती समोरच्या बेकरीवाल्याच्या मुलीने. सात वर्षांची. शाळा सुटली की बापाची भट्टी आवरेपर्यंत ती बाईंच्या दुकानातल्या तीनपायी स्टुलावर येऊन बसायची. नुकतीच वाचायला शिकली होती, त्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचायची, आणि वाचून झालं की प्रश्न विचारायची. बाईंनी तिचं नाव 'चौकशी' ठेवलं होतं.

"काकू, तुमचा रंग कुठे सांडला?" पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं.

बाईंच्या हातातली कात्री थांबली.

"सांडला नाही गं," सून म्हणाली. "हळूहळू निघून चाललाय. त्याला माझा कंटाळा आला असेल."

"दुखतं?"

"नाही."

"मी हात लावला तर मला होईल?"

"लावून बघ की."

चौकशीने बोट लावलं, मग दुसरं लावलं, मग दोन्ही बोटांचा बारकाईने तपास केला. "तुम्हाला वाईट वाटतं का?"

"आधी वाटायचं. आरशाकडे पाठ करून केस विंचरायचे मी. पण भांग रोज वाकडा निघायचा. शेवटी डागांपेक्षा त्या भांगालाच लोक जास्त हसायला लागले, तेव्हा म्हटलं, जाऊ दे, बघू आरशात."

इस्त्रीच्या कपड्यांसाठी थांबलेल्या नर्सबाई खळखळून हसल्या. बाई हसल्या नाहीत. घरातली गोष्ट अशी गुंडाळीतल्या कापडासारखी गिऱ्हाइकापुढे भसकन उलगडून टाकायची असते का? आपण तीस वर्षं या गल्लीत दुकान चालवलं, कुणाला आपल्या आतलं अस्तर दिसू दिलं नाही.

आणि दिसू न देण्यासारखं बाईंकडे होतंच. बाईंना वाचता येत नव्हतं. अक्षर नाही आणि आकडाही नाही.

हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण बाईंची पद्धतच तशी होती. गिऱ्हाईक आलं की त्या टेपला हात लावत नसत. जुन्या वर्तमानपत्राची लांब पट्टी कापायची, ती गिऱ्हाइकाच्या अंगाला लावायची आणि कात्रीने खाच मारायची. खांद्याला एक खाच, छातीला दोन, कमरेला तीन, बाहीला तिरपी. पट्टीच्या डोक्याला त्या माणसाच्या कपड्याचा तुकडा टाचायचा आणि पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला लटकवायची. भिंतभर खिळे, खिळ्यावर अख्खी गल्ली टांगलेली. लोकांना वाटायचं, ही बाईंची कला. कुणी कागद पुढे केलाच, तर बाईंचे हात नेमके खडूने भरलेले असायचे. "तूच वाच बाबा, डाग पडतील कागदाला."

एका आठवड्यात बाई दोन दिवस बहिणीकडे गेल्या. परत आल्या तर भिंतीवर नुसते खिळे.

"आई, बघा," सूनबाईंनी निळी वही पुढे केली. "पट्ट्या पार पिवळ्या पडल्या होत्या, निम्म्या उंदरांनी कुरतडलेल्या. मी एकेक पट्टी टेपने मोजली, नर्सबाईंनी आणि ह्यांनी तुकडे बघून नावं सांगितली, सगळं वहीत उतरवलं. प्रत्येकाला एक पान. पट्ट्या दिल्या रद्दीत."

बाईंनी वहीकडे बघितलं. मुंग्यांच्या रांगा.

"छान केलंस," त्या म्हणाल्या.

बाई जन्मात कुणाला छान म्हणाल्या नव्हत्या. पोरीला तिथेच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी संगीताचे मास्तर आले. छत्रीच्या काडीसारखा माणूस, आणि आवाज मात्र तळघरातून आल्यासारखा. शनिवारी त्यांच्या गाणाऱ्या मुलांचा कार्यक्रम होता, त्यांना नवा कोट हवा होता. "माप आहेच तुमच्याकडे," म्हणाले. बाई काय बोलणार? आहेच म्हणाल्या. पुन्हा पट्टी लावावी, तर सून विचारणार, वही असताना पट्टी कशाला. मग बाईंनी डोळे मिटून भिंत आठवली. तिसऱ्या रांगेतला दुसरा खिळा. त्याच्या शेजारचा कोणाचा? बाईंच्या डोळ्यांपुढे पट्टी आली, खाचा आल्या, आणि बाईंनी कापड बेतलं. सुनेला मशीनपाशी फिरकू दिलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मास्तरांनी कोट घातला. आरशासमोर उभे राहिले. कोटात अजून एक मास्तर मावला असता, आणि तोही हात हलवत.

"मी वाळलो की काय?" मास्तर काळजीने म्हणाले.

नर्सबाईंनी तोंडाला रुमाल लावला. स्टुलावरून चौकशी म्हणाली, "हा कोट माझ्या बाबांना येईल."

तेव्हा कुठे बाईंना आठवलं. तिसऱ्या रांगेतला दुसरा खिळा बेकरीवाल्याचा. मास्तर त्याच्या खाली. पण तीस वर्षांचा ताठा एका कोटापायी कसा मोडायचा? हात आपोआप निळ्या वहीकडे गेला. बाईंनी वही उघडली, एक पान पुढे केलं आणि त्यावर बोट आपटलं.

"मला काय बघता? हिने लिहिलंय तसं कापलं मी. हे बघा मास्तर, हे तुमचं पान. भिंतीवर सगळं नीट होतं. या सूनबाईंनी वह्या काढल्या."

चौकशी स्टुलावरून उतरली, मान वाकडी करून पानात डोकावली आणि मोठ्याने वाचू लागली. "ना-न-क-टा-या. नानकटाया मागवणे. आजी, यात माप नाहीच. ही शेवटच्या पानावरची चहाच्या सामानाची यादी आहे."



सून इस्त्री बाजूला ठेवून पुढे आली. तिने एकदा वहीकडे पाहिलं, एकदा बाईंच्या खडूभरल्या हातांकडे, आणि तिला सगळं कळलं. बाईंना दिसलं की तिला कळलं. आता ही सांगणार. हिचा स्वभावच तो. बाईंनी पदर खोचला आणि दातावर दात आवळले.

"माझी चूक, मास्तर," सून म्हणाली. "आईंनी मला पान काढून ठेवायला सांगितलं होतं. मी तुमच्याऐवजी बेकरीचं माप वाचून दाखवलं. आईंचा चष्मा... चष्मा घरी राहिला होता."

बोलताना तिच्या मानेवरचा डाग गुलाबी होत गेला. मग हातांवरचे. पोरीला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि अंगावर ते लपवायला जागाही नव्हती. जिने आठ महिने स्वतःबद्दल एक शब्द दडवला नाही, ती सासूसाठी भर दुकानात खोटं बोलत होती, आणि तेही इतकं वाईट, की मास्तरांनीसुद्धा नजर वळवली.

"आजीला चष्मा नाहीये," चौकशी म्हणाली. मग तिने बाईंकडे वर पाहिलं, त्यात ना हसू, ना खोडी. "आजी, तुम्हाला वाचता येत नाही का?"

पाठ फिरवायची असते, ती हीच वेळ. बाईंनी सुनेच्या गुलाबी मानेकडे पाहिलं.

"नाही येत," त्या म्हणाल्या.

काही कोसळलं नाही. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"अजिबात?"

"अजिबात."

"का नाही शिकलात?"

"दीड महिना गेले शाळेत. मग घरात भाऊ झाला, त्याला सांभाळायला मी. पुढे दुसरा झाला. आमच्या आईला शाळेपेक्षा पाळण्याचा जास्त नाद."

मास्तरांचं हसू तळघरातून वर आलं. नर्सबाईंनी रुमाल काढून टाकला.

"म्हणून तुमचे हात सारखे खडूने भरलेले असतात?"

"बरीच हुशार आहेस की गं."

"लाज वाटते तुम्हाला?"

बाईंनी खरंच विचार केला. "आत्ता तू विचारेपर्यंत वाटत होती," त्या म्हणाल्या. "आता बघते, तर कुठे गेली कोण जाणे. मास्तर, कोट काढा. असे भुतासारखे उभे राहू नका, उद्या गायचंय तुम्हाला."

मग बाईंनी वर्तमानपत्राची पट्टी कापली आणि सगळ्यांदेखत मास्तरांच्या खांद्याला लावली. खाच. छातीला दोन. चौकशीने मधेच हात घालून विचारलं, तिरपी कशाची, आणि बाईंनी सांगितलं. कमरेच्या खाचा तर त्यांनी तिलाच मारायला दिल्या. मास्तर गुदगुल्या होऊन वाकडे झाले, त्यामुळे कंबर दोनदा मोजावी लागली. नर्सबाई म्हणाल्या, मी दवाखान्यात तीस वर्षं आकडे लिहिते आणि निम्मे विसरते, बाई, तुमची अख्खी भिंत डोक्यात होती. बाई म्हणाल्या, एक खिळा सोडून. आणि त्याच सगळ्यात आधी हसल्या.

कोट उसवायला त्या मशीनवर बसल्या, तेव्हा सून समोर येऊन उभी राहिली. अजून गुलाबीच होती.

"आई, मी पट्ट्या टाकायला नको होत्या. विचारायला हवं होतं तुम्हाला."

बाईंनी टीप उसवली, दोरा दातांनी तोडला आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऐक. मला वाचता येत नाही आणि तुला खोटं बोलता येत नाही. माझं एक वेळ निभेल, तुझं ते खोटं नाही निभायचं, तेव्हा पुन्हा या दुकानात तो उद्योग करायचा नाही. आणि त्या तिन्ही ब्लाउजांच्या बाह्या कोपराच्या वर काप. कापड मजबूत आहे, त्याच्या पट्ट्या काढू, उंदरांच्या बापाला कुरतडता यायच्या नाहीत. खाचा मी मारीन, खाली आकडे तू लिही. आणि लिहिताना मोठ्याने म्हण, म्हणजे मला आणि त्या चौकशीला, दोघींनाही ऐकू येईल."