छत्रीवाली वकील

"साहेब, तुम्हाला स्वतःला काय येत न्हाई?"

पंचशीलानं विचारून टाकलं आणि तिच्या आईच्या, सरजाबाईंच्या, हातातली चहाची किटली जागीच थांबली.

हा प्रश्न दुपारी पाण्याच्या टँकरच्या रांगेत ठरला होता. तिची मैत्रीण जगदेवी म्हणाली होती, "विचारून दाखव. रांगेतला माझा पहिला नंबर तुझा."

लातूर जिल्हा नवा, भगवानराव साहेबही नवे. अन्न निरीक्षकांना कशाचं प्रशिक्षण हवं, हे विचारत ते गावोगाव फिरत होते. सकाळी उदगीरच्या कचेरीत त्यांनी विचारलं, "कुणाला काय येत नाही?" सगळ्यांनी छाती फुगवून सांगितलं, सगळं येतं. पंचशीलाचे बाबा, साहेबराव, त्यांतलेच एक. आता साहेब त्यांच्या घरी चहाला आले होते.

साहेब कपाळाला हात लावून हसले. "मला नमुन्याच्या बाटलीवर लाखेचं सील धड मारता येत नाही, पोरी. दर वेळी बोट भाजतं."

बाबांनी बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "साहेब, मला कोर्टात बोलता येत न्हाई. दूधवाल्याच्या वकिलानं विचारलं, दुष्काळात प्यायला पाणी न्हाई, मग दुधात ओतायला कुठून येईल? सारं कोर्ट हसलं अन् माझी दातखीळ बसली. दूधवाला सुटला. सोमवारी दुसरी हाय. वकील तोच."

"नांदेडच्या शिबिरात पहिलं हेच ठेवू," साहेब म्हणाले. "पण ते पुढच्या महिन्यात. सोमवारचं काय?"

पावसाविना खुंटीवर लटकून राहिलेली काळी छत्री पंचशीलानं ओढली, वकिलाच्या फायलीसारखी काखेत मारली आणि बाबांसमोर ठाकली.

"बोला साक्षीदार, पाणी कुठून आलं?"

"अगं पंचे..."

"वकीलसाहेब म्हणा."

सरजाबाई पदराआड हसल्या. बाबा अडखळले. तिनं पुन्हा विचारलं. बाबांनी घसा खाकरला. तिनं पुन्हा विचारलं, तसे ते ताठ बसले.

"कुठून आलं ते तुमच्या अशिलाला ठाऊक, वकीलसाहेब. किती आलं ते नमुना सांगतो."

साहेबांनी मांडीवर थाप मारली.

सोमवारी संध्याकाळी बाबा परतले ते सायकलला कुलूप लावायचंही विसरून.

"हसले का लोक?" सरजाबाईंनी विचारलं.

"लई हसले. पण वकिलाला."

तेवढ्यात जिंकलेल्या पहिल्या नंबराची घागर कमरेवर घेऊन पंचशीला दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. घागर खाली ठेवली, ओले हात परकराला पुसले.

"आई, बाबा, माझं ठरलंय. मी वकील होणार. अन् पाऊस पडला तरी ती छत्री माझीच."