घरी न चालणारी करवत

आमचे हे पस्तीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन होते. तारांवर आलेल्या फांद्या छाटण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी परसातल्या पेरूसाठी विजेवर चालणारी करवत आणली.

ती घरी चालेना. हे तणतणत तिला दुकानात घेऊन गेले, तर तिथे झकास चालली. घरी आणली की पुन्हा मख्ख. असे तीन हेलपाटे झाले. त्यात हे घरी करवत चालवायला घेत, नेमकी त्याच वेळी वीज जायची आणि माझं वाटण अर्धवट राहायचं. "तुमच्यामागे कंपनीत कामाची माणसंच उरली नाहीत," असं मी म्हणाले, तेव्हा ह्यांची कळी खुलली.

शेवटी दुकानदारच घरी आला. "काका, तुम्ही काय काय करता ते मला क्रमानं दाखवा."

ह्यांनी हातमोजे घातले, हेल्मेट चढवलं, दारामागच्या बोर्डापाशी गेले आणि घराचा मेन स्विच खाडकन खाली ओढला. आत माझा मिक्सर गप्प झाला. मी तावातावानं बाहेर आले.

"पहिला नियम," हे दुकानदाराला सांगत होते, "आधी वीज बंद, मग फांदीला हात. पस्तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही."

मी कपाळावर हात मारला. "अहो, करवत विजेवर चालते ना!"

हे दुकानदारावरच डाफरले, "फांद्या छाटायला असली धोकादायक वस्तू विकताच कशी तुम्ही?"