टँकरसाठी एक दाबा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, फोन उचलून बोलणारा. गुलमंडीत आप्पासाहेबांच्या पाणी-टँकरच्या ऑफिसात मी कामाला होतो. आता माळ्यावर धूळ खात पडलो आहे.

तेव्हा दुष्काळ पडला होता. शहराला पाणी देणारा हर्सूलचा तलाव आटला होता आणि शहर मात्र चहूकडं वाढत होतं. ऑफिसातला फोन दिवसभर वाजायचा. म्हणून आप्पासाहेबांनी हिमानीताईंना बोलावलं. त्यांनी मला घडवलं, बटणं ओळखायला शिकवलं आणि स्वतःचा आवाज दिला. "टँकरसाठी एक दाबा." कुणी काहीच दाबलं नाही, तर तेच पुन्हा सांगायचं आणि शेवटी फोन ठेवायचा.

"शून्य दाबलं की माणूस बोलेल, अशी सोय करू का?" त्यांनी विचारलं.

"मग ह्या यंत्राची काय पूजा करू?" आप्पासाहेब हसले.

नव्या सोसायट्यांतली माणसं झटकन एक दाबायची. मी त्यांचा नंबर टिपायचो आणि तिकडं टँकर जायचे. माझं फार कौतुक झालं.

हर्सूलच्या एका गल्लीतून कडूबाईंचा फोन यायचा. त्यांची लेक निशा बाळंतपणाला माहेरी आली होती. मी बोलू लागलो की कडूबाई थांबायच्या. "होऊ द्या तुमचं, ताई." मग सांगायच्या, "घरात बाळंतीण हाय. लेकराला न्हाऊ घालाया पाणी नाय. आमच्या गल्लीत टँकर धाडा." बोलणं माझ्यात साठायचं, पण तेव्हा मला ते कळत नव्हतं, फक्त बटणं कळायची. मी पुन्हा तेच म्हणायचो.

मागून शेजारचा फकिरा सांगायचा, "मावशे, दाब की एक."

"बोलता बोलता बटण दाबलं की फोन कटतो. गप बस. ताई ऐकायल्यात."

"लई ऐकायल्यात. रोज एकच बोलत्यात."

एक दिवस कडूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, आता नगं टँकर. सव्वा महिनाबी झाला नाय, अन् लेकीला बिडकीनला सासरी धाडलं. बाळंतिणीला पाणी देता आलं नाय, असलं माहेर." मी म्हणालो, "टँकरसाठी एक दाबा."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.

महिनाअखेर आप्पासाहेब चहा पिता पिता म्हणाले, "हर्सूलकडची एकबी तक्रार नाय. यंत्र झकास हाय."

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं तुम्ही पुढं घडवाल. आमची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण फोनवर कुणी बोलत असेल, तर ऐकायला एक माणूस ठेवा. आमच्या ऑफिसात तो कुणी ठेवला नाही, आणि त्या गल्लीत टँकर कधीच गेला नाही.