हनुवटीवरचा तीळ

धंद्यातून सोडवून आणलेल्या मुलींच्या आधारगृहात तिला सगळे चिमणी म्हणत. तिला ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. "बाकीच्या तोंडाने डोकं खातात, ही हातांनी," स्वयंपाकीणबाई म्हणायच्या.

समुपदेशक ताईंना चिमणीने स्वतःच नावाऐवजी एक खूण दिली होती: डोळ्यांभोवती बोटाने गोल, म्हणजे चष्मा. पण तिच्या बाकीच्या खुणा घरच्या होत्या. सांकेतिक भाषेच्या शिक्षिकेलाही त्या उमगल्या नाहीत. म्हणून ताईंनी शोध घेऊन, चिमणीला जिने वाढवलं त्या मावशीलाच बोलावलं. जबाब झाला की मावशी तिला घरी नेणार होती.

मावशी खोलीत आली तशी चिमणी भिंतीला जाऊन चिकटली.

"लाजतेय. किती दिवसांनी बघतेय ना." मावशीने आपल्या हनुवटीवरच्या तिळावर बोट टेकवलं. "मीच गं."

ताई म्हणाल्या, "तिला विचारा, त्या जागी तिला कोणी नेलं?"

मावशीचे हात हलले. चिमणीने मावशीकडे पाहिलंच नाही. ताईंकडे बघत तिने हनुवटीवर बोट टेकवलं.

"भूक लागलीय म्हणते. पहिल्यापासून खादाड."

ताईंनी हसून बिस्किटांचा पुडा पुढे केला. चिमणीने तो बाजूला सारला आणि पुन्हा बोट तिथेच टेकवलं, या वेळी रुतेल इतकं. तिच्या हनुवटीवर तीळ नव्हता.

ताईंचं हसू विरलं. त्यांनी पुड्याकडे बोट केलं, खाल्ल्यासारखं केलं आणि मान उडवून विचारलं, याला काय म्हणतेस? चिमणीने पोटावर मूठ फिरवली.

"मावशी, तुम्ही बाहेर बसा."

"मी उठले तर तुम्हाला हिचं कळणार काय, कपाळ?"

"कळलंय. ती तुमच्यासोबत येणार नाही. पोलीस येईपर्यंत ऑफिसात बसा."

मावशी बडबडत बाहेर गेली. ताईंनी दार लावलं. मग दाराकडे बोट दाखवून त्यांनी हनुवटीला हात लावला आणि जोरजोरात मान हलवली. ती पुन्हा येणार नाही. त्यांनी चिमणीचा हात धरायला हात पुढे केला.

चिमणीने आपले हात पाठीमागे घेतले. मग एक हात पुढे आला आणि त्याने ताईंकडे बोट केलं. ताई चष्म्याच्या खुणेची वाट बघत होत्या.

बोट तिच्या स्वतःच्या हनुवटीवर जाऊन थांबलं.