लाल फडक्यात बांधलेले पुस्तक

मित्रांनो, नागपूरहून अमरावतीकडे निघालात की वाडी लागते. तिथल्या गोदामांच्या मागे, कडुनिंबाखाली, पाठीवर लोखंडी कमानी असलेला एक हिरवट सांगाडा दिसेल. मी एक जुना लष्करी ट्रक आहे, आणि तो सांगाडा माझाच. माझ्या बॉनेटखाली आता इंजिन नाही. तरीही दर खंडेनवमीला माझ्या कपाळावर कुंकवाचे बोट लागते. ते का लागते, हे आज सांगतो. मला बसता येत नाही, म्हणून उभ्यानेच सांगतो. कीर्तनकारही उभ्यानेच सांगतात, नाही का?

माझा जन्म जबलपूरचा. तुमचे आईवडील पाटी घेऊन शाळेत जात असतील, त्या काळातला. कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझ्याबरोबर एक जाडजूड पुस्तकही दिले गेले. त्यात माझ्या डिझेल इंजिनाची इत्थंभूत माहिती होती. कोणता बोल्ट आधी कसायचा, किती कसायचा, तेलाचा पंप कोणत्या खुणेवर बसवायचा, सगळे चित्रांसकट. मला स्वतःबद्दल ठाऊक नव्हते तेवढे त्या पुस्तकाला ठाऊक होते. ड्रायव्हरच्या आसनाखालच्या पेटीत ते माझ्याबरोबर हिंडले. बर्फाचे घाट आम्ही दोघांनी पाहिले, आणि माझ्यात बसून गेलेली, परत न आलेली तरणी माणसेही पाहिली.

पुढे माझा रंग उडाला, नवे ट्रक आले आणि कामठीच्या छावणीत माझा लिलाव झाला. वाडीच्या देवरावांनी मला घेतले. पेटीतले पुस्तक पाहून त्यांनी आधी ते कपाळाला लावले. त्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते. पण त्यांचे मित्र, कामठीचे गोपाळराव, फौजेतले निवृत्त मिस्त्री होते. सुट्टीच्या दिवशी गोपाळराव हात साबणाने धुऊन माझ्या पायरीवर बसत आणि पुस्तकातले एकेक पान मराठीत सांगत. देवराव खाली मांडी घालून ऐकत, मधूनमधून मान डोलावत. मला तर ते निरूपणच वाटे. विषय देवाचा नसून माझ्या पोटातल्या नळ्यांचा होता, एवढाच फरक.

दोनतीन वर्षांत गोपाळरावांना सगळे पाठ झाले. मग पुस्तक उघडायचे कारणच उरले नाही. देवरावांनी ते लाल फडक्यात बांधले आणि देवघरातल्या फळीवर, पोथ्यांच्या रांगेत ठेवून दिले. खंडेनवमीला ते बाहेर येई, पान्यांच्या शेजारी पाटावर बसे, हळदकुंकू, झेंडूचे फूल घेई आणि गाठ न सुटता परत फळीवर जाई.

त्यांचा मुलगा रविंद्र मॅट्रिक झालेला. मला चालवायला तो वडिलांकडूनच शिकला. एकदा त्याने ते पुस्तक मागितले.

"पह्यले हात धुऊन ये," देवराव म्हणाले.

तो धुऊन आला. देवरावांनी त्याची बोटे उजेडात धरली. "नखात तेल हाय अजून."

"बाबा, इंजिनाचंच पुस्तक हाय ना ते? त्याले तेलाचं काय वावडं?"

"ज्याच्यात या ट्रकाचा जीव लिवला हाय, त्याले असा हात लावाचा नसते, बापू."

रविंद्र हसला आणि कामाला लागला. पुन्हा त्याने कधी मागितले नाही.

आता माझ्या सुखाच्या दिवसांबद्दल सांगतो. देवरावांना कीर्तनाचे वेड. खापरखेड्याला वीज केंद्राच्या कामगारांची वसाहत होती. तिथे तेव्हा देऊळ नव्हते, सभामंडपही नव्हता. देवरावांनी तिथल्या लोकांना शब्द दिला की रामनवमीला मंडप माझा. नागपूरच्या महाल भागातल्या यमुताई कीर्तनकार, त्यांचे पेटीवाले, तबलजी, सगळ्यांना मी घेऊन जाई. तिथे माझा मागचा फाळका उतरवला की झाली व्यासपीठाची तयारी. ताडपत्रीची सावली, खाली सतरंजी. आणि ज्या कमानींना पूर्वी शिपायांच्या पाण्याच्या पिशव्या लटकत, त्यांना रामाचा पाळणा बांधला जाई. चैत्रातले ते विदर्भाचे ऊन. बरोबर बाराला यमुताई आख्यान थांबवत, सगळा जमाव श्वास धरून उभा राही, गुलाल उडे आणि देवरावांच्या पत्नी रंभाबाई पाळण्याची पहिली दोरी ओढत. तो मान त्यांचा होता. मध्यंतरात सर्वांना बुक्का लावताना देवराव माझ्या दिव्यांमधल्या जागेलाही बोट टेकवीत.

वाडीचे ट्रकवाले चेष्टा करीत. "देवराव, हा ट्रक हाय का देऊळ गा?"

"तुह्या ट्रकात कांदे सडते, माह्यात राम जन्मते," देवराव म्हणत. "ज्याचं त्याचं नशीब, भाऊ."

मग गोपाळराव गेले. त्यांच्यामागे थोड्याच वर्षांत देवरावही गेले. जाताना त्यांनी रंभाबाईंना एवढेच सांगितले, "खापरखेड्याची रामनवमी चुकवू नको वं." रंभाबाईंनी मान हलवली. तेव्हापासून तो शब्द त्यांचा झाला.

त्याच पावसाळ्यात देवघराच्या भिंतीला वाळवी लागली. कुठल्या पोथीचा कोपरा गेला, कुठल्या पोथीची पाठ. रंभाबाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांना वाचता येत नसे, पण कीर्तने ऐकून ऐकून पोथ्यांवर त्यांची माया होती. त्यांनी यमुताईंना विचारले.

"जीर्ण पोथ्या रद्दीत घालू नका, रंभाबाई," यमुताई म्हणाल्या. "वाहत्या पाण्याला द्या. तोही एक मान असतो."

सल्ला वाईट नव्हता, मित्रांनो. आपल्याकडे तशी रीतच आहे. रंभाबाईंनी फळीवरची कापडात बांधलेली सगळी बासने एका टोपलीत भरली. बांधलेली पोथी उगीच सोडायची नसते, म्हणून गाठी सोडल्या नाहीत. त्या टोपलीत लाल फडक्यातले एक बासन होते.

टोपली माझ्याच पाठीवरून कन्हान नदीला गेली. वजनावरूनच मी त्याला ओळखले. रविंद्रने पुलाजवळ मला थांबवले, पण माझा स्टार्टर तेव्हा कुरकुरत होता, म्हणून इंजिन सुरू ठेवून तो केबिनमध्येच बसून राहिला. रंभाबाई एकट्या काठावर उतरल्या. एकेक बासन दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवीत, नमस्कार करीत. मला ओरडता येत नाही. मी नुसता थरथरत होतो.

"आज काहून एवढा धडधडून राहिला रे हा?" रविंद्र स्वतःशीच म्हणाला आणि त्याने माझ्यावरून हात फिरवला.

लाल फडके थोडा वेळ तरंगले. मग पाण्याने ते हळूच आत घेतले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझे इंजिन धूर ओकू लागले. रामनवमी पुढे होती. रविंद्रने वाडीच्या लहानू मिस्त्रीला बोलावले. लहानू हाताचा साफ, मनाचा सरळ. त्याने माझे इंजिन उघडले, पंप उतरवला, इंजिनाचे वरचे झाकण उतरवले. हे मिस्त्री लोक त्याला हेड म्हणतात. बिघाड सापडला, सामानही मिळाले. पण परत जोडायची वेळ आली तेव्हा लहानू थबकला.

"रवीभाऊ, हे फौजी इंजिन हाय. पंपाची खूण कोणती, हेडचे बोल्ट किती कसाचे, मले नाही माहीत. अंदाजानं कसलं तं हेड तडकून जाईन. याचं पुस्तक असन ना?"

"हाय ना. देवघरात," म्हणून रविंद्र आत गेला. परत आला तो रिकाम्या हातांनी. माझ्या पायरीवर बसला आणि स्वयंपाकघराकडे पाहत राहिला. आत रंभाबाई भाकरी थापत होत्या.

"कुठी गेलं?" लहानूने विचारले.

"लाल फडक्यासकट कन्हानले," रविंद्र हळू आवाजात म्हणाला. "मीच गाडी नेली होती. मायले सांगजो नको."

मग सुरू झाली दुसऱ्या प्रतीची शोधाशोध. रविंद्र सायकलने सीताबर्डीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत फिरला. कामठीच्या भंगारवाल्यांकडे गेला. तिथला एक म्हातारा त्याला म्हणाला, "इथं लोखंड भेटते भाऊ, विद्या नाही भेटत." जबलपूरची खेपही झाली. तिथे सांगितले की त्या बनावटीचे इंजिन केव्हाच बंद झाले, पुस्तके कुणी ठेवली असतील तर माहीत नाही. "काय शोधून राहिला रे एवढं?" असे रंभाबाई विचारत, आणि तो म्हणे, "सामान, माय."

शेवटी एक दिवस तो धावतच आला. कामठीला एका निवृत्त हवालदाराकडे अगदी तेच पुस्तक होते. नोकरीची आठवण म्हणून त्यांनी ते लोखंडी पेटीत जपले होते. मी त्या दिवशी मनातल्या मनात रामनवमीचा पाळणासुद्धा बांधून टाकला.

दुसऱ्या दिवशी रविंद्र तिकडे जाऊन परतला आणि लहानूजवळ बसला. पेटीला तळाशी गंजून भोक पडले होते. पुस्तकाचा पुठ्ठा जसाच्या तसा होता, पण आत इंजिनाच्या पानांची नुसती माती. वाळवीने मधला भाग पोखरून नेला होता.

"हवालदारसाहेब रडाले लागले गा," रविंद्र सांगत होता. "म्हने, खराब होऊ नये म्हनून मी कधी उघडूनच नाही पाह्यलं."

रामनवमी तोंडावर आली होती. रविंद्र म्हणाला, "लाव अंदाजानं. जे होईन ते होईन." लहानूने देवाचे नाव घेऊन बोल्ट कसले. मी सुरू झालो, मित्रांनो. क्षणभर सुरू झालो. मग माझ्या पोटात काहीतरी तडकले आणि पाण्याची वाफ बाहेर आली. माझा तो शेवटचा आवाज.

लहानूने पाना जमिनीवर ठेवला. "ते लाल फडक्यातलं पुस्तक असतं तं..." तो बोलून गेला, आणि त्याचे लक्ष मागे गेले. रंभाबाई चहा घेऊन उभ्या होत्या.

"लाल फडकं?" त्यांनी विचारले.

त्यांनी चहाचे कप तसेच माझ्या मडगार्डवर ठेवले आणि घरात गेल्या.

रामनवमीला यमुताईंची मंडळी एका टेम्पोतून खापरखेड्याला गेली. शब्द मोडला नाही, पण रंभाबाई गेल्या नाहीत. पाळण्याची पहिली दोरी त्या दिवशी तिथल्या दुसऱ्या कुणी ओढली असेल. उन्हे डोक्यावर आली तशा त्या बाहेर आल्या. कडेवर घरातला जुना पाळणा होता. त्या माझ्या पाठीवर चढल्या, कमानींना पाळणा बांधला आणि आत रामाची छोटी मूर्ती ठेवली. ना पेटी, ना तबला. बाराला त्यांनी एकट्यांनीच गुलालाची चिमूट उडवली आणि दोरी ओढू लागल्या. पाळणा म्हणायला गेल्या, पण पहिल्याच ओळीला थांबल्या.

रविंद्र खाली येऊन उभा राहिला.

"बापू, तुया बाबाच्या ट्रकाचं पुस्तक मीच बुडवलं ना?"

"नाही माय. ते तं गोपाळरावकाकाकडं होतं. कामठीलेच राह्यलं असन."

रंभाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. "खोटं बोलाले तुया बापानं नाही शिकवलं तुले."

रविंद्र वर चढला, त्यांच्याजवळ बसला आणि दोरीचे टोक हातात घेतले.

"ओढ माय. दोरी ढिली पडून राहिली."

दोघे कितीतरी वेळ पाळणा हलवीत होते. माझ्या कमानी करकरत होत्या. तेवढेच माझे गाणे.

पुढे माझे इंजिन मोडीत गेले. मला मात्र रंभाबाईंनी जाऊ दिले नाही. आता दर खंडेनवमीला त्या घरात पुन्हा जमलेली सगळी बासने माझ्या पायरीवर आणून मांडतात आणि एकेकाची गाठ स्वतः सोडतात. "हे काय हाय? वाच," असे रविंद्रला म्हणतात. तो पहिले पान मोठ्याने वाचतो. मागच्या खेपेला एका बासनातून जुने पंचांग निघाले. "हे गेल्या सालचं पंचांग हाय माय," तो म्हणाला. "असू दे. वाच," त्या म्हणाल्या. त्याने वाचले. त्यांनी हात जोडून ऐकले. मग त्या माझ्यापाशी आल्या, रिकाम्या बॉनेटवर कुंकू लावले आणि हात तिथेच ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी काहीतरी मायेने बांधून, उंच फळीवर ठेवले असेल. आज ते खाली काढा. गाठ सोडा, पाने उलटा, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. हात तेलाचे असले तरी चालेल, पानांवर काळी बोटे उमटली तरी उमटू द्या. कन्हानच्या पाण्यात गेले तेव्हा माझ्या पुस्तकावर एकही डाग नव्हता.