लिफ्टशेजारचा चौकोन

मोबाईल खाली ठेवा. मला स्कॅन केलंत तर पैसे कुणालाच जाणार नाहीत. सुरुवातीला बऱ्याच मजुरांनी हाच घोळ घातला होता. मी लालबागच्या एका नव्या टॉवरवर, मजुरांच्या लिफ्टशेजारी चिकटवलेला क्यूआर कोड. साइटवर काही धोक्याचं दिसलं, तर मला स्कॅन करून कळवायचं, एवढ्यासाठी मी आहे.

माझा जन्म फणसवाडीतल्या छोट्या छापखान्यात झाला. शेजारच्या मशीनवर लग्नपत्रिका निघत होत्या, म्हणून माझ्या एका कडेला अजून हळदी रंगाचा डाग आहे. सेफ्टी ऑफिसर नम्रता मॅडमनी मला स्वतःच्या हातानं चिकटवलं. म्हणाल्या, "कोणी पडायची वाट बघू नका. पडता पडता वाचलात तरी सांगा. लिहिता येत नसेल तर नुसतं बोला."

सगळ्यांनी माना हलवल्या, आणि कोणी फिरकलं नाही. सुपरवायझर अनिश खूश होता. "आपल्याकडे तक्रारी झीरो," असं फोनवर सांगायचा. मग सुरक्षा सप्ताह आला आणि त्याचं पोस्टर त्यानं नेमकं माझ्यावरच चिकटवलं.

पोस्टरखाली दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. लिफ्टच्या दाराची कडी नीट बसत नव्हती. लिफ्ट चालवणाऱ्या गणपतनं अनिशला दोनदा सांगितलं. "स्लॅब होऊ दे, मग बघू," असं म्हणून त्यानं विषय संपवला. शेवटी गणपतनं दार दोरीनं बांधलं.

पुढचं मला नंतर रखमाच्याच तोंडून कळलं. स्लॅबच्या दिवशी ही मजूर बाई घमेलं घेऊन लिफ्टनं वर निघाली. ती दाराला जराशी टेकली आणि दोरी सुटली. गणपतनं तिच्या जॅकेटचा पट्टा धरला म्हणून ती वाचली. घमेलं मात्र खाली आदळलं. तिथे तेव्हा कोणी नव्हतं.

दोघं खाली उतरले.

"लागलं नाही ना कुणाला? मग चला कामाला," म्हणत अनिश निघून गेला.

रखमानं पोस्टर टराटरा फाडलं. "गणपतदादा, मोबाईल काढा. ह्यात बोलायचं कसं?"

"अगो, दोरी मीच बांधलेली. माझी नोकरी जायत."

"मग माझं नाव टाका. पडणारी मी होते."

ती बोलली. सगळं नीट सांगितलं. मी ते लगेच मॅडमच्या मोबाईलवर पोचवलं. त्या धावत आल्या आणि त्यांनी लिफ्टच बंद केली.

"मॅडम, आज स्लॅब आहे. ऑफिसला काय सांगू?" अनिश म्हणाला.

"सांग, एक बाई आज आपल्या पायानं घरी जाणार आहे."

मग गणपतनंही दोरीचं आणि त्या दोनदा सांगितल्याचं मॅडमना सांगून टाकलं. त्याची नोकरी राहिली. नवी कडी बसेपर्यंत सगळ्यांना जिने चढावे लागले. सगळ्यात जास्त दम अनिशला लागला.

त्यानंतर माझी चांगलीच चलती झाली. सैल फळ्या, उघड्या वायरी, सगळं येऊ लागलं. सिमेंटच्या गोणींवर झोपलेल्या मांजराचाही फोटो आला. एके दुपारी अनिशनंही इकडेतिकडे बघत मला स्कॅन केलं. परांचीची एक पकड ढिली झाली होती.

आता टॉवर पुरा झालाय. उद्या लिफ्ट उतरवतील, मलाही खरवडून काढतील. फाटलो तरी चालेल. तुम्ही मात्र, माझ्यासारखा कोणी कुठल्या साइटवर दिसला, तर त्याच्यावर पोस्टर लावू नका.

परवा गणपतला रखमाचा फोन आला होता. ती आता भायखळ्याच्या नव्या साइटवर आहे. पहिल्याच दिवशी तिनं तिथल्या साहेबांना विचारलं, "इथं वाईट बातमी आधी कुठं सांगायची?"