‘चौथा मजला’विषयी एक मत

ब्रेकताईने वर केलेल्या अंगठ्याच्या चित्रावर बोट दाबलं आणि खालच्या चौकटीत एकेक अक्षर शोधत लिहिलं : ‘खेळ चांगला आहे. पावलांचा आवाज कुठून येतो ते ज्यांना कळत नाही त्यांनी डोळे उघडावेत. जिन्यावर सावली पडते. दाराखालचा उजेड हलतो. उगाच रडू नका.’ मग तिने ते पुन्हा वाचलं, ‘उगाच’च्या आधी ‘कृपया’ घालावं का असा क्षणभर विचार केला, आणि न घालताच पाठवून दिलं.

तिच्या मताच्या वर-खाली शिव्यांची रास पडली होती. ‘चौथा मजला’ हा चौघांनी मिळून खेळायचा बंदुकांचा खेळ. एका पडक्या इमारतीत शिरायचं आणि एकमेकांना सांभाळत, मजल्यामागून मजला मोकळा करत वर जायचं. कल्पना झकास होती, पण कंपनीने खेळ अर्धाकच्चाच बाजारात आणला होता. कोणी लिहिलं होतं, ‘दार उघडायला गेलो आणि दारातच अडकलो. जेवून आलो तरी तिथेच.’ कोणी, ‘मेलेला शत्रू उठून चालायला लागला, मी मात्र मेलो तो मेलोच.’ कोणी नुसतंच, ‘पैसे परत द्या.’ एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं : पावलं वाजतात, पण डावीकडे की उजवीकडे, काही म्हणजे काही कळत नाही. दोन्ही कानांत सारखाच आवाज. असल्या खेळात दिशाच कळत नसेल तर खेळायचं कसं?

थोड्याच वेळात तिच्या मताखाली उत्तरं येऊन पडली. ‘कंपनीचं माणूस दिसतंय.’ ‘हे लिहायचे किती मिळाले?’ ‘आजी, चष्मा लावून खेळता का?’

“आजी कोणाला म्हणतोस रे मेल्या,” ब्रेकताई पडद्याला म्हणाली, आणि मत काही मागे घेतलं नाही.

तिचा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला होता. ताप उतरला, गाल बसले, कान काही परत आला नाही. कोणाला सांगत बसू नकोस, असं आईने तेव्हाच बजावलं, आणि तिने ते इतकं मनावर घेतलं की लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं तेवढंच. त्यालाही शपथ घातली. डावीकडून आलेल्या हाकेला तिने ओ दिली नाही की लोक म्हणत, भारी शिष्ट आहे बाई. म्हणू देत. बहिरी म्हणण्यापेक्षा शिष्ट म्हटलेलं तिला परवडत होतं.

नोकरीही तिने कानाच्या सोयीची धरली होती. ती मोटार चालवायला शिकवायची. शिकणारा उजवीकडे, ती डावीकडे, आणि तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक. शिकणाऱ्याचं सगळं रडगाणं चांगल्या कानात पडायचं, आणि डावीकडून कोण घुसतंय ते समजायला तिच्यासाठी लावलेला एक जादा आरसा होता. आरशाच्याही आधी तिला बरंच काही दिसायचं. दुकानाच्या काचेत हलणारी मोटारसायकल, गल्लीच्या तोंडाशी थबकलेला कुत्रा, उभ्या ट्रकखालून दिसणारे दोन पाय. हीच नजर ती खेळात वापरायची. दाराशी काही हललं की ती सवयीने “थांब!” असं ओरडायची, म्हणून तर तिचं नाव ब्रेकताई पडलं होतं.

आणि ती ओरडली की दारापलीकडे खरोखरच कोणीतरी असायचं. बाकीचे दोन्ही कान टवकारून गोंधळायचे, ती सावल्या बघत पुढे जायची. या एका खेळात अख्खं जग तिच्यासारखं होतं, आणि तिच्यासारखं असण्यात ती सगळ्यांत तरबेज होती. जन्मात पहिल्यांदा तिला कुठेतरी सगळ्यांच्या पुढे चालायला मिळालं होतं. तो अंगठा तिने उगाच वर केला नव्हता.

तिच्या चमूचा कप्तान औषधांच्या दुकानात काम करायचा. तिशीच्या आतला, उत्साही, हरला की दोन दिवस घुम्यासारखा बसणारा. दुसरे काका. त्यांनी उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता, आणि या इमारतीतली लिफ्ट कधीच चालत नाही याचा त्यांना मनापासून राग होता. तिसऱ्या वन्सं, म्हणजे ब्रेकताईची थोरली नणंद. खालच्याच मजल्यावर राहायच्या आणि शाळेत पोरांना कवायत शिकवायच्या. आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं पोर सावधान उभं राहावं. चौथं माणूस कमी पडलं तेव्हा त्यांनीच भावजयीला या भानगडीत ओढलं होतं. ब्रेकताई ‘वन्सं’ म्हणायची म्हणून कप्तानही वन्संच म्हणायचा, आणि वयाने मोठे असून काकाही.

वन्संचे हट्ट फार. खेळात त्या नेहमी ब्रेकताईच्या डाव्या अंगाने चालणार. कप्तानाने जागा बदलायला सांगितली की म्हणणार, “मला हीच बाजू बरी पडते.” वर चहाला आल्या की टेबलाशी बसलेल्या भावाला उठवून ब्रेकताईच्या उजव्या हाताची खुर्ची बळकावणार. “सरक रे, ही माझी.” लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी घरावरचा ताबा सुटत नाही, असं ब्रेकताई मनातल्या मनात म्हणायची आणि चहा ओतायची.

एक दिवस कंपनीने जाहीर केलं : ‘तुम्ही बोललात, आम्ही ऐकलं!’ आवाजाची दुरुस्ती झाली होती, आणि दुरुस्त झालेल्या खेळावर मोठी स्पर्धा होणार होती. कप्तान आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. त्याने त्याच दिवशी चमूचं नाव दिलं. चौघांची नावं पुढच्या रविवारी नक्की करायची होती.

त्याआधीच्या रविवारी दुपारी सरावाला चौघं आपापल्या घरून जोडली गेली. ब्रेकताईने हेडफोन चढवले.

“काय आवाज आहे!” कप्तान पहिल्याच जिन्यावर म्हणाला.

“मागून येतोय कोणी. अगदी मागून. वा!” काका म्हणाले.

ब्रेकताईला उजवीकडचे बूट ऐकू आले, स्वच्छ, एकेक पायरी. डावीकडे काहीच नव्हतं. ती भिंतीकडे बघू लागली. जिन्यावर सावलीच नव्हती. आवाज दुरुस्त करताना कंपनीने सावल्या घालवल्या होत्या. दाराखालचा उजेडही आता नुसता रंगवल्यासारखा स्थिर होता. तिने पाऊल टाकलं आणि डावीकडून गोळी आली.

दुसऱ्या डावात तसंच झालं. मग तिने घाईघाईने दोन्ही कानांना सारखा आवाज देणारा पर्याय शोधून काढला आणि दाबला, तर खेळच बंद पडला. तो पुन्हा सुरू करून ती परत आली आणि तिसऱ्या डावातही पहिल्याच मजल्यावर गेली.

“ब्रेकताई, तो केवढा धाडधाड पळत आला. ऐकलं नाहीत?” कप्तानाने विचारलं.

“नाही.”

“हेडफोन नीट आहेत ना?”

“आहेत.”

चौथा डाव सुरू झाला होता. चौघं पहिला मजला कसाबसा ओलांडून दुसऱ्यावर एका भिंतीआड बसली होती.

“ताई, मनाला लावून घेऊ नका,” कप्तान म्हणाला. दुकानात एखादं औषध संपलंय हे सांगताना तो असाच बोलत असणार. “दुकानातला माझा एक मित्र आहे. स्पर्धेपुरतं त्याला घेऊ या का? तुम्ही राखीव राहा.”

काका खाकरले.

ब्रेकताईचं बोट बाहेर पडायच्या बटणावर गेलं. अशा वेळी काय म्हणायचं ते तिला पाठ होतं. मैत्रिणींच्या गाण्याच्या गटातून, ऑफिसच्या नाटकातून, गर्दीतल्या गप्पांतून ती त्याच एका वाक्याच्या आडोशाने बाहेर पडत आली होती.

“माझं डोकं जरा—” ती म्हणाली, आणि थांबली. नवरा वर्तमानपत्र हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि एकदम तिला स्वतःचा विलक्षण कंटाळा आला.

“माझं डोकं ठणठणीत आहे. डावा कान गेलाय. लहानपणीच. तुमच्या या नव्या आवाजातलं डावीकडचं एक पाऊल मला ऐकू येत नाही, आणि येणारही नाही. आणि मी राखीव बसणार नाही.”

नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र हळूच खाली आलं.

“ताई, आधी सांगायचं ना,” कप्तान म्हणाला.

“आता सांगितलं ना! नको असेन तर सरळ नको म्हण, पण राखीव-बिखीव म्हणून माझी समजूत घालू नकोस. हवी असेन तर डावीकडचं तुम्ही बोलायचं, समोरचं मी बघते. गेल्या आठवड्यापर्यंत तुम्हाला दोन-दोन कान असून काही कळत नव्हतं, तेव्हा दाराशी कोण ओरडत होतं?”

“हे मात्र खरं,” काका म्हणाले. “तीच ओरडत होती.”

ब्रेकताईचं बोट आता बाहेर पडायच्या बटणावर नव्हतं.

“झालं भाषण?” वन्संचा आवाज आला. “डावीकडे, जिन्याच्या वर, दोघं. एक खाली बसलाय.”

ब्रेकताई वळली. उभा असलेला आधी पडला, मग बसलेला. ती तशीच पुढे निघाली. वन्सं तिच्या डाव्या अंगाने चालत राहिल्या, आणि एरवी मैदान हलवणारा तो आवाज आता हेडफोनमध्ये हळू, न थांबता बोलत राहिला. “डावीकडे मोकळं. डावीकडे मोकळं. थांब. खांबामागे एक. हं, चल.” दुसरा मजला गेला. तिसऱ्याच्या टोकाशी कप्तान नकळत ओरडायला लागला होता, आणि चौथ्या मजल्याचा जिना समोर दिसत असताना काका दारात अडकले.

“काका, हला!”

“अरे मी हलतोय, दार सोडेल तर ना!”

मागून येणाऱ्या गोळ्यांपुढे चौघंही एकामागून एक आडवी झाली. काका पडले तेही उभ्याउभ्याच, कारण दाराने त्यांना मेल्यावरही सोडलं नाही. आधी काका हसले, मग सगळेच.

“दाराचं काही केलेलं नाही लेकांनी,” कप्तान हसू आवरत म्हणाला. मग घसा साफ केला. “ब्रेकताई, पुढच्या रविवारी वेळेवर या. नावं द्यायची आहेत. आणि वन्सं, डावीकडचं तुमच्याकडे.”

“ते मी बघतेच आहे,” वन्सं म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ब्रेकताई हेडफोन काढता काढता तशीच बसून राहिली.

संध्याकाळी वन्सं वर आल्या, चपला दारात भिरकावल्या आणि भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. “सरक रे, ही माझी.” तो उठला. त्या ब्रेकताईच्या उजव्या हाताला बसल्या आणि बिस्किटांचा डबा जवळ ओढला.

“वन्सं, तुम्हाला ही खुर्चीच का लागते?”

“वारा येतो.”

“पंखा त्या बाजूला आहे.”

वन्संनी बिस्किट चहात बुडवलं. “तुझा चहा गार होतोय.”

“कधीपासून माहीत होतं?”

“तुझ्या लग्नाच्या वर्षी जिन्यात हाका मारमारून घसा बसला माझा. म्हटलं, नवी आहे, पण आखडू दिसते. मग एकदा उजवीकडून पुटपुटले, तर ते मेलं बरोबर ऐकलंस.”

नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं आणि ते जराही हलत नव्हतं.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“तू बोललीस?”

ब्रेकताईला राग आला, आणि त्याच्या मागोमाग रडू. तिने दोन्ही परतवली, कपात पुन्हा चहा ओतला आणि डबा वन्संच्या आणखी जवळ सरकवला. वन्संनी त्यातलं शेवटचं बिस्किट घेतलं, कोणाला विचारलंही नाही.

त्या खाली गेल्यावर तिने मतांचं पान उघडलं. तिच्या मताखाली थट्टा अजून चालूच होती, आणि नव्या दुरुस्तीचं कौतुक पानभर ओसंडत होतं. तिने जुनं मत पुसलं आणि एकेक अक्षर शोधत नवं लिहिलं.

‘आवाज दुरुस्त केलात, सावल्या घालवल्यात. दारं अजून माणसं गिळतात. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तरी मी हा खेळ खेळणार, आणि स्पर्धेतही उतरणार. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. डावीकडचं आमच्या वन्सं बघतात.’

अंगठा तिने वरच ठेवला.